आलेख फार सुंदर आला होता

घसा बसला

माझा घसा बसला तेव्हा आमच्या घरात आनंदी आनंद झाला. शुभा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "चला, चार दिवस शांततेत जातील." आमची मुलगी मैथिली दुबईत बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने कानातला हेडफोन काढला, "फायनली," म्हणाली आणि परत घातला.

त्यांचंही बरोबर होतं. मी शारजातल्या एका भारतीय शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचो आणि उरलेल्या वेळात इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत कामं करायचो. सकाळी पस्तीस मुलांसमोर ओरडायचं आणि संध्याकाळी तालमीत पस्तीस रिकाम्या खुर्च्यांसमोर. मधल्या वेळात अल मजाजच्या आमच्या इमारतीत, लिफ्टमध्ये जो सापडेल त्याला गोष्ट सांगायची. लिफ्ट चौदाव्या मजल्यापर्यंत जाते. एक मध्यम लांबीचा किस्सा बरोबर बसतो.

त्या वर्षी गणपतीतल्या नाटकात मी एका खडूस न्यायाधीशाचं काम करत होतो. आवाज घोगरा झाला तर दिग्दर्शक उलट खूश. म्हणाला, "आत्ता कुठे जज्ज वाटतोस."

चार दिवसांचे चार महिने झाले. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. "एसीचा घसा आहे, इथे सगळ्यांनाच असतो," हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलं की माझाच त्यावर विश्वास बसला. शुभा डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली होती. शेवटी गेलो. तिथल्या फॉर्मवर विचारलं होतं, सिगारेट ओढता का, किती वर्षं ओढलीत. नऊ वर्षांपूर्वी सोडलेली होती. त्याआधी वीस वर्षं ओढली होती, बरीचशी घरच्यांपासून लपवून. शुभाला मी कायम पाच वर्षं सांगत आलो होतो आणि ती शेजारीच बसली होती. मी लिहिलं, पाच.

डॉक्टर हसले नाहीत

कान-नाक-घशाचे डॉक्टर इजिप्तचे होते, जाड मिशांचे, दिलदार. पहिल्या भेटीत त्यांनी नाकातून कॅमेरा घातला तेव्हा मी घोगऱ्या आवाजात त्यांना दोन विनोद सांगितले होते आणि ते पोट धरून हसले होते. मग तुकडा काढून तपासायला पाठवला. दहा दिवसांनी बोलावलं. मी येताना गाडीत तिसरा विनोद तयार करून ठेवला होता. सांगितला. डॉक्टर हसले नाहीत.

नटाला प्रेक्षक कळतो. ते पुढे काय म्हणणार हे मला तेव्हाच कळलं.

डाव्या स्वरतंतूवर गाठ होती. कॅन्सर होता. उपचार होते, चांगले होते. मी विचारलं, "आवाजाचं काय?" त्यांनी तळहात वर केला आणि म्हणाले, "इन्शाल्ला."

हा शब्द मी इथे वीस वर्षं ऐकत आलोय. एसीवाला उद्या येईल, इन्शाल्ला. पार्किंग मिळेल, इन्शाल्ला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यातलं 'माझ्या हातात नाही' एवढंच ऐकू आलं.

गाडी शुभाने चालवली. सिग्नलला ती चुकीच्या लेनमध्ये उभी राहिली, मागचा हॉर्न वाजवत होता आणि तिला ते ऐकूच येत नव्हतं. मी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं.

"आत्ता नको," ती म्हणाली.

मास्तरचा घसा गेला की मास्तर गेला. नटाचंही तेच. माझ्यापाशी तिसरं काही नव्हतं.

मुखवटा

दुबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर रीम भेटल्या. लेबनॉनच्या, बारीक, हळू बोलणाऱ्या. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे स्वरयंत्रच काढून टाकायचं. कॅन्सर जाईल आणि आवाजही जाईल. दुसरा म्हणजे किरणं आणि सोबत केमो; सात आठवडे, पस्तीस वेळा. त्यात आवाज राहण्याची शक्यता चांगली. पण त्या रस्त्याने निघालं तर मध्ये थांबायचं नाही. "गाठ सुट्टी घेत नाही," त्या म्हणाल्या.

मी किरणं म्हणालो. त्यांचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

मग मुखवटा झाला. प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यातून काढतात, ओली कोमट तोंडावर आणि गळ्यावर दाबतात आणि ती तुमच्या आकाराची होऊन घट्ट बसते. रोज तो चढवून तुम्हाला टेबलाला खिळवायचं, म्हणजे मान केसभरही हलणार नाही आणि किरणं बरोबर त्याच जागी पडतील. आयुष्यात मी पुष्कळ मुखवटे घातले, पण हा पहिला असा, की ज्यातून एक अक्षर बोलता येत नव्हतं. रोज बारा मिनिटं. शुभा म्हणाली, "त्या मशीनला माझा नमस्कार सांगा."

यंत्र मात्र देखणं होतं. इलेक्ट्रॉनना वेग द्यायचा, धातूच्या तुकड्यावर आदळवायचं आणि त्यातून निघालेली क्ष-किरणं वापरायची. हा धडा मी वीस वर्षं फळ्यावर काढून शिकवलाय. आता मी त्या आकृतीच्या टोकाला आडवा पडलो होतो, जिथे पुस्तकात नुसता बाण संपतो.

त्या यंत्रामागचा माणूस म्हणजे बिजू. केरळचा, पस्तिशीचा, हॉस्पिटलचा फिजिसिस्ट. किरणं कुठून किती सोडायची याचं गणित तो मांडायचा. त्याचं आणि डॉक्टर रीम यांचं एक संशोधन चालू होतं. गळ्याच्या पेशंटला गिळता येत नाही, तो रोडावतो, गळा बारीक होतो, मुखवटा सैल पडतो आणि नेम चुकायला लागतो. मग मोजमाप पुन्हा करून नवा मुखवटा बनवावा लागतो. ही वेळ कोणावर कधी येणार, हे पेशंटच्या रोजच्या आकड्यांवरून आधीच ओळखता येईल का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी पेशंटने रोज वही भरायची: दुखणं शून्य ते दहा, गिळताना त्रास शून्य ते दहा, पोटात किती गेलं. वजन दर सोमवारी तिथल्या काट्यावर.

"आप तो फिजिक्स के सर हैं," बिजू म्हणाला. "आपका डेटा सबसे अच्छा आएगा."

मी सही केली. छाती दोन इंच फुगली होती हे कबूल करतो.

मागून लिहिलेले आकडे

आता जे सांगतो ते फिजिक्स शिकलेल्यांना नवीन नाही.

आपल्याकडे प्रॅक्टिकलची जर्नल असते. लंबकाचा प्रयोग. दोरीची लांबी घ्या, झोके मोजा, वेळ लिहा, त्यातून 'जी', म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढा. उत्तर नऊ पूर्णांक आठ यायला हवं हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. खरा प्रयोग केला की येतं नऊ पूर्णांक दोन, कधी दहा पूर्णांक चार. मग मुलं काय करतात? उत्तर आधी लिहितात आणि रीडिंग मागून बनवतात. मीही विद्यार्थी असताना तेच केलं. शिक्षक झाल्यावर डोळ्यांदेखत होऊ दिलं आणि वर शिकवलंसुद्धा: "अरे, अगदी रेषेवर नका टाकू सगळे ठिपके. एखादा थोडा बाहेर ठेवा. खरं वाटलं पाहिजे."

तिसऱ्या आठवड्यात माझा घसा आतून सोलला गेला. पाणी गिळणं म्हणजे काच गिळणं. दुखणं आठ होतं, नऊ होतं. पण मी वहीत लिहिलं, चार.

का, ते विचारा. डॉक्टर रीमनी सांगितलं होतं की वजन फार उतरलं तर नाकातून पोटात नळी घालावी लागेल, कदाचित दाखल व्हावं लागेल, आणि मुखवटा नवा करायचा तर किरणं काही दिवस थांबतील. आणि थांबायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं होतं. मला एवढंच दिसत होतं की आवाज वाचवायचा तर पस्तीस फेऱ्या अखंड झाल्या पाहिजेत. उत्तर ठरलेलं होतं. आता त्याला जुळणारी रीडिंग हवी होती.

चौथ्या आठवड्यात रजेचे कागद द्यायला शाळेत गेलो होतो. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. पेटीतून पाचशे ग्रॅमची पितळी वजनं काढली, मोजून सहा, आणि जाकिटाच्या खिशांत घातली. रेडिएशनचा विभाग एसीने इतका थंड असतो की जाकिटाचं कोणाला काही वाटत नाही.

मी मूर्ख नव्हतो. वजन घटतच नाही असं दाखवलं असतं तर लगेच पकडला गेलो असतो. दर सोमवारी थोडं थोडं कमी होऊ दिलं, कधी पाव किलो, कधी अर्धा. वहीत एखाद्या दिवशी दुखणं मुद्दाम सहावर नेलं आणि दुसऱ्या दिवशी पाचावर आणलं. एक ठिपका रेषेबाहेर.

घरी शुभा ऑफिसला जाण्याआधी मुगाचं कढण, दुधी घोटून केलेलं सूप, नाचणीची पेज असं थर्मासमध्ये भरून जायची. संध्याकाळी थर्मास रिकामा असायचा. "सगळं संपवलंत?" तिचा चेहरा उजळायचा. मी मान हलवायचो. निम्म्याहून अधिक बेसिनमध्ये गेलेलं असायचं. तिचा तो उजळलेला चेहरा हे त्या दिवसांतलं माझं एकमेव सुख होतं आणि तेही मी बनवून घेत होतो.

बिजू बाहेर आला

सहाव्या आठवड्याचा सोमवार. पंचवीस फेऱ्या झालेल्या, दहा राहिलेल्या. वजन करून मी बाकावर बसलो होतो. बिजू कधी कंट्रोल रूममधून बाहेर यायचा नाही. त्या दिवशी आला, हातात माझी वही आणि कागदावर छापलेला आलेख. शेजारी बसला.

"सर, बहुत सुंदर ग्राफ है."

मी हसलो. आवाज जवळजवळ नव्हताच. "थँक्यू."

"इतना सुंदर ग्राफ मैंने भी बनाया था. बीएससी में." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "उधर मशीन में आपका फोटो देखता हूँ रोज. मुखौटे और गर्दन के बीच में मेरी उँगली जा सकती है, इतना गैप है. और इधर वजन बोलता है, सब ठीक. दोनों में से एक झूठ बोल रहा है, सर. मशीन को तो झूठ बोलना आता नहीं."

 तो माझ्या जाकिटाकडे बघत होता. एका बाजूने ते खाली ओढलं गेलं होतं.

"पॉकेट में क्या है?"

मी वजनं काढून बाकावर ठेवली. एक, दोन, तीन. मग दुसऱ्या खिशातली. पितळ लाकडावर ठेवल्याचा आवाज होतो, तो मी मुलांना हजारदा करू नका म्हणून सांगितलेला. तिथे बसलेल्या एका अरब आजीबाईंनी आपल्या मुलाला काहीतरी विचारलं. त्याने खांदे उडवले.

मग मला जाकिटाशिवाय काट्यावर उभं केलं. सुरुवातीला मी चौऱ्याहत्तर किलो होतो. काटा अडुसष्टवर थांबला.

डॉक्टर रीम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही शिक्षक आहात ना?" आणि उत्तराची वाट न बघता फोन उचलला.

चार दिवस

दाखल केलं. नाकातून नळी घातली, जिला मी इतका घाबरलो होतो. दोन मिनिटांचं काम होतं. अंगातलं पाणी इतकं कमी झालं होतं की नर्सला शीर सापडेना. नवा मुखवटा, नवं मोजमाप, नवं गणित. किरणं चार दिवस बंद. मी जे होऊ नये म्हणून सगळं केलं, तेच झालं. दोन आठवडे आधी खरं लिहिलं असतं तर आधी ठरवून एका दिवसात झालं असतं, असं बिजू म्हणाला. रागाने नाही म्हणाला. गणित सांगितल्यासारखं म्हणाला.

मैथिली कॉलेजमधून थेट आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. "बाबा, यू फेक्ड डेटा. इन अ स्टडी. दॅट्स फॉर अदर पेशंट्स." ती रडत होती आणि संतापलेलीही होती, आणि मला तिच्याइतकं शहाणं माणूस त्या हॉस्पिटलात दुसरं दिसलं नाही. मग तिने माझे पाय पांघरुणात नीट खोचले आणि बाहेर जाऊन बसली.

शुभा संध्याकाळी आली. थर्मास आणला नव्हता. रिकाम्या हाताने बसली.

"पेजेचं काय करत होतात?"

मी बेसिनच्या दिशेने बोट केलं, म्हणजे कुठल्यातरी भिंतीच्या दिशेने.

"आणि सिगारेट? पाच वर्षं?"

मी दोन्ही पंजे दोनदा उघडले. वीस.

ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर पार्किंगची इमारत होती. "मी तुमच्याशी लग्न करून चोवीस वर्षं झाली," ती म्हणाली. "त्यातली कुठली खरी आहेत ते एकदा लिहून द्या."



शुक्रवारी किरणं पुन्हा सुरू झाली. उरलेल्या दहा दिवसांची वही मी जशी होती तशी लिहिली. नऊ, नऊ, आठ, नऊ. एक दिवस दहा. बिजूने सांगितलं की आधीचे पंचवीस दिवस संशोधनातून काढून टाकावे लागतील, हे दहा घेता येतील. दहा भागिले पस्तीस, अठ्ठावीस टक्के. बोर्डात पास व्हायला तेहतीस लागतात.

दुसरा प्रयोग करता येत नाही

तीन महिन्यांनी तपासणी झाली. गाठ गेली नव्हती. लहान झाली होती, पण होती, आणि तो स्वरतंतू हलत नव्हता. आता स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नव्हता.

मी डॉक्टर रीमना विचारलं, त्या चार दिवसांमुळे का? मुखवटा सैल होता त्यामुळे का? आवाज फुटत नव्हता म्हणून लिहून विचारलं, दोनदा अधोरेखित करून.

त्यांनी कागद वाचला. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "काही गाठी सगळं नीट करूनही जात नाहीत. तुमच्यासारखाच दुसरा माणूस असता, तीच गाठ, तेच वय, आणि त्याने खरे आकडे लिहिले असते, तर सांगता आलं असतं. पण तुम्ही एकच आहात."

वीस वर्षं मी मुलांना सांगितलं, शंका आली तर प्रयोग परत करा. हा एक प्रयोग परत करता येत नाही. मला कधीच कळणार नाही. कॅन्सरशी जमवून घेता येतं असं लोक म्हणतात आणि ते खरंही असेल. ह्या न कळण्याशी माझं अजून जमलेलं नाही.

तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या गळ्याचा मुखवटा व्हायचा असेल, म्हणून हे लिहितोय. नळीला घाबरू नका. तिथली माणसं शूरपणाचं बक्षीस द्यायला बसलेली नाहीत. त्यांना आकडा हवा असतो. दुखणं नऊ असेल तर नऊ लिहा. घरी विचारतील त्यांनाही नऊच सांगा. त्यांचा चेहरा पडेल. पडू द्या. आणि चांगल्याही गोष्टी होत्या, त्या सांगायला हव्यात. किरणांच्या खोलीतली फिलिपिनो मुलगी रोज मुखवटा चढवण्याआधी हातात गरम केलेला टॉवेल द्यायची. शेवटच्या आठवड्यात बिजूने यंत्राचं झाकण उघडून आतलं दाखवलं आणि मी लहान मुलासारखा पाहत उभा राहिलो, नाकात नळी असताना.

ऑपरेशनची सकाळ

शेवटचं काय बोलायचं ते मी आठवडाभर बसवत होतो. साधारण तीन मिनिटांचं होतं. सुरुवातीला एक कोपरखळी, मध्ये माफी, शेवटी असं वाक्य की शुभा आणि मैथिली दोघींच्या डोळ्यांत पाणी यावं. उरलेला आवाज त्यासाठी जपून ठेवला होता. दोन दिवस घरात कुजबुजलोही नव्हतो.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पलंग थांबला. मैथिलीने कपाळावर हात ठेवला आणि चटकन बाजूला झाली. शुभा वाकली. मी श्वास घेतला.

"भीती किती वाटतेय?" तिने विचारलं. "शून्य ते दहा. बनवून सांगू नका."

तीन मिनिटांचं सगळं भाषण गेलं. मी म्हणालो, "नऊ."

खरखरीत आला, पण पूर्ण आला. मग मला तिला विचारायचं होतं, आणि तुला? ओठ हलले, तोवर वॉर्डबॉय म्हणाला, "यल्ला, बाबा, चलो," आणि पलंग आत गेला.

शुद्धीवर आलो तेव्हा गळ्याला भोक होतं आणि श्वास तिथून जात-येत होता. हे आधी सांगितलेलं असतं, तरी माणूस दचकतो. शुभा शेजारी होती. हॉस्पिटलने दिलेली पांढरी पाटी तिने माझ्या मांडीवर ठेवली आणि पेन बोटांत धरून दिलं. अक्षर वाकडं आलं. मी लिहिलं: तुला किती?

ती बोलू शकत होती. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, खाली लिहिलं, दहा, आणि पाटी माझ्याकडे फिरवून धरली.